धर्म सांगणं, धर्म बदलणं आणि ‘नको’ म्हणणं: ख्रिस्ती आणि नास्तिक यांच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कोणाचे, आणि उत्तरं देणारी मी कोण?

ठाण्यात चरईतल्या एका मराठी ख्रिस्ती घरात मी वाढले. आजोबा नगर जिल्ह्यातून इकडे आले. रविवारी चर्च, दुपारी संडे स्कूल आणि डिसेंबरात घरोघरी कॅरल, असं आमचं लहानपण. विशीत माझा विश्वास गेला. कोणी तो काढून घेतला नाही, कोणाशी भांडणही झालं नाही. प्रार्थना करताना पलीकडे ऐकणारं कोणी नाही असं वाटायला लागलं, आणि ते वाटणं गेलंच नाही. धाकटी बहीण लग्न होऊन ऐरोलीला गेली आणि तिथल्या प्रार्थनासभेत तिचा विश्वास दुप्पट झाला.

त्यामुळे ख्रिस्ती नातेवाईक मला विचारतात, “तुम्ही नास्तिक आमच्यावर एवढे चिडता का?” नास्तिक मित्र विचारतात, “हे लोक गप्प का बसत नाहीत?” शेजारच्या हिंदू घरांतूनही प्रश्न येतात, बहुतेक वेळा दबक्या आवाजात. तेच प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं लिहून काढावीशी वाटली.

‘बाटवणं’, ‘धर्मांतर’ आणि ‘विश्वासात येणं’ हे एकच ना?

घटना एक असेल, शब्द मात्र तीन वेगळ्या जागी उभ्या असलेल्या माणसांचे आहेत. ‘बाटला’ म्हणताना त्या माणसाने स्वतः काही केलं असं आपण धरतच नाही. त्याला काहीतरी लागलं, तो विटाळला. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेलं अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट वसई-ठाण्याच्या पट्ट्यात प्रत्येकाने ऐकलेली असते. तिच्यात गावातल्या एकालाही कोणी विचारत नाही. पाव टाकणारा विचारत नाही, आणि वाळीत टाकणारे शेजारीही विचारत नाहीत.

‘धर्मांतर’ हा कागदावरचा शब्द. बहिणीच्या मंडळीत, म्हणजे तिच्या चर्चच्या लोकांत, तो कोणी वापरत नाही. तिथे म्हणतात, “अमकी विश्वासात आली.” माझी एक मावशी तर ठासून सांगते, “मी धर्म बदलला नाही, मला तारण मिळालं,” म्हणजे पापातून सुटका. समोरच्याचं म्हणणं समजून घ्यायचं असेल तर आधी तो कोणता शब्द वापरतो ते ऐकावं. मी या पानावर ‘धर्मांतर’ म्हणते, कारण त्यातल्या त्यात तो कमी टोचतो.

ख्रिस्ती माणसं दुसऱ्याला सांगायला का जातात? आपला देव आपल्यापुरता ठेवता येत नाही का?

त्यांच्या दृष्टीने नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी, २८व्या अध्यायात, येशू शिष्यांना सांगतो की जा, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या. विश्वासणाऱ्याला ही आज्ञा वाटते, सूचना नव्हे.

पण नुसती आज्ञा म्हटलं तर गोष्ट कोरडी होते. मी बहिणीला एकदा स्पष्ट विचारलं, “तुला माझ्यामागे लागावंसं का वाटतं?” ती भाजी निवडत होती. हातातली मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाली, “ताई, तुला रस्त्यात खड्डा दिसला नाही आणि मला दिसला, तर मी ओरडू नको का?” तिच्या मनात नरकाची भीती खरी आहे आणि माझ्यावरची मायाही खरी आहे. ती माझा अपमान करायला आलेली नसते. तो खड्डा मला दिसत नाही, एवढाच आमच्यातला फरक.

हे कळायला मला फार वर्षं लागली. त्याआधी तिच्या प्रत्येक वाक्यात मला ‘तू कमी आहेस’ एवढंच ऐकू यायचं.

याच मत्तयाच्या २३व्या अध्यायात दुसरीही बाजू आहे. एक माणूस आपल्या मतात आणण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्या आणि मग त्याला आपल्याहून वाईट करून ठेवणाऱ्या धर्मपुढाऱ्यांवर येशू कडाडून बोलतो. उत्साही प्रचारकांना मी हा भाग वाचायला सांगते. माझ्या वडिलांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती.

सगळे ख्रिस्ती असं सांगत फिरतात का?

मुळीच नाही. ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या कॅथलिक, घरांत विचारून पाहा. शेजाऱ्याला बाप्तिस्मा घ्यायला सांगणं त्यांतल्या अनेकांच्या स्वप्नातही येत नाही. धर्म त्यांना घराण्यातून आला, जशी भाषा आली, जसा लग्नातला उंबराच्या पाण्याचा विधी आणि लग्नाची गाणी आली. नवी मुंबईत केरळहून आलेले सिरियन परंपरेचे ख्रिस्ती आहेत, आमच्यासारखे नगर-मराठवाड्याकडचे प्रोटेस्टंट आहेत आणि गाळ्यात किंवा हॉलमध्ये भरणाऱ्या पेंटेकोस्टल सभाही आहेत. साक्ष देण्यावर, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्याला सांगण्यावर, सर्वांत जास्त भर या शेवटच्या गटाचा. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे ‘मिशनरी’ वाटतात आणि त्याचा भुर्दंड कधी कोणाच्या वाटेला न जाणाऱ्यालाही पडतो.

कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ साली, धर्मस्वातंत्र्यावर स्वतंत्र जाहीरनामा काढला. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती होता कामा नये, असं त्यात स्पष्ट आहे. २०११ साली व्हॅटिकन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून साक्ष कशी द्यावी याची तत्त्वं मांडली. फसवणूक नको, गरिबीचा गैरफायदा नको, दुसऱ्याच्या धर्माबद्दल खोटं बोलणं नको, असा त्याचा आशय. एरवी एकमेकांशी न पटणारे हे तिघं इथे एकत्र आले, हे मला मोठं वाटतं.

नास्तिकाला कोणी धर्म सांगायला आलं तर त्याला नेमकं काय वाटतं?

माणसामाणसावर आहे. नास्तिकांचा धर्मग्रंथ नाही, त्यामुळे ‘आमचं मत’ असं एक नसतं. काहींना राग येतो, कारण लहानपणी धर्माच्या नावाने मार खाल्लेला असतो. काहींना कंटाळा येतो. काहींना वाद आवडतो, ते दार उघडून खुर्ची देतात.

अमेरिकन जादूगार पेन जिलेट ठाम नास्तिक आहे. खेळ संपल्यावर एका प्रेक्षकाने त्याला बायबल भेट दिलं. त्यावर तो जे म्हणाला त्याचा मतलब असा, की तुम्ही स्वर्ग-नरक खरंच मानत असाल आणि ‘कसं वाटेल’ म्हणून मला सांगत नसाल, तर तुम्हाला माझा किती तिरस्कार असला पाहिजे! त्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून, प्रामाणिकपणे बोलण्याचं त्याला कौतुक वाटलं. मत मात्र बदललं नाही.

माझा स्वतःचा अनुभव ठाणे-वाशी लोकलमधला. लेडीज डब्यात ऐरोली सोडल्यावर पांढऱ्या साडीतली एक वयस्कर बाई हस्तपत्रिका वाटत होती. माझ्यासमोरच्या कॉलेजच्या मुलीने मान हलवली, “नको, मावशी.” बाईने तिच्या गालाला हलकेच हात लावला, “बरं बाळा,” म्हणाली आणि पत्रिका पिशवीत ठेवली. मग रबाळ्यापर्यंत दोघी पावसावर बोलत होत्या. त्या मुलीच्या जागी मी असते तर मलाही काहीच वाईट वाटलं नसतं. ‘नको’ला जागा होती, आणि ‘नको’ म्हटल्यावरही ती मुलगी तिच्यासाठी ‘बाळ’च राहिली. माझ्या लेखी सगळा प्रश्न इथेच सुटतो किंवा इथेच अडतो.

आजारी माणसाजवळ जाऊन प्रार्थना करणं बरोबर आहे का?

याचं उत्तर मी सर्वांत जास्त विचार करून देते.

आई नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात जनरल वॉर्डात होती. शेजारच्या खाटेवर घणसोलीच्या एक आगरी आजी, सत्तरीच्या पुढच्या, हाताला सलाईन, पोटात दुखत होतं. बहिणीच्या मंडळीतले तिघं आईसाठी प्रार्थना करायला आले. आई विश्वासातली, तिला बरं वाटलं. प्रार्थना संपल्यावर त्यांतली एक जण वळली, तिने आजींच्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्याने विचारलं, “प्रभू तुम्हाला बरं करील यावर विश्वास ठेवता का?” आजी म्हणाल्या, “हो बाय, ठेवते.” त्यांनी सलाईनचा हात तसाच धरून ठेवला होता आणि नजर दाराकडे होती. सून डबा घेऊन येते का ते त्या बघत होत्या.

तो ‘हो’ मी विसरू शकत नाही. दुखणाऱ्या माणसाने कोणालाही दिला असता असा तो ‘हो’ होता.

सगळे गेल्यावर आईच हळू आवाजात म्हणाली, “तिला आधी विचारायचं होतं.” नास्तिक मी, पण त्या दिवशी विश्वासातल्या आईचं आणि माझं मत एक होतं. दुसऱ्या दिवशी बहीण आली तेव्हा आजींच्या सुनेकडे जाऊन तिने माफी मागितली. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

म्हणून माझं म्हणणं असं. रुग्णाने बोलावलं तर जरूर जा. न बोलावता जायचं असेल तर आधी विचारा, आणि तेही घरचं कोणी जवळ असताना. औषध थांबवायला तर कधीही सांगू नका. ‘प्रार्थनेने बरं वाटलं’ हा अनुभव झाला. ‘गोळ्या सोड, देव बरं करील’ हे माणसाच्या जिवाशी खेळणं आहे, मग ते कोणत्याही धर्माच्या नावाने असो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, कुत्रा, विंचू चावल्यावर उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. साधी उपासना आणि प्रार्थना त्या कायद्याने अडवलेली नाही. विरोधकांनी त्याबद्दल पसरवलेली भीती खोटी होती.

नास्तिकही दुसऱ्याचं मत बदलायलाच निघालेले असतात. मग हेही धर्मांतरच की?

प्रयत्न तोच आहे, हे मी मान्य करते. सभेत, शिबिरात, चहाच्या टपरीवर आम्हीही माणसाच्या मनातली श्रद्धा हलवायला बघतो. फरक सांगायचा तर आमच्याकडे बाप्तिस्मा नाही, नोंदवही नाही, सामील होण्यासारखं काही नाही. पण श्रद्धा गमावणाऱ्याला एवढ्याने दिलासा मिळत नाही.

वडील गेले त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. आत्या माझ्या शेजारी बसली, हातात गीतांचं पुस्तक, एका पानात अंगठा घातलेला. म्हणाली, “दादा प्रभूकडे गेला गं. आपण पुन्हा भेटणार.” मी सगळ्यांसमोर म्हटलं, “कोणी कुठे जात नसतं, आत्या.” ती काही बोलली नाही. तिने पानातून अंगठा काढला आणि पुस्तक मिटलं. त्या संध्याकाळी गाणं झालं नाही. मी जे बोलले ते मला आजही खरं वाटतं, आणि तेव्हा बोलायला नको होतं हेही तितकंच खरं. घणसोलीच्या आजींच्या कपाळावरचा तो हात आणि माझं ते वाक्य मला सारखंच वाटतं. दोन्ही वेळी समोरचं माणूस दुःखात होतं आणि त्याला उठून जाता येत नव्हतं. आत्याची मी पुढे माफी मागितली. तिने केली माफ, पण त्या संध्याकाळचं गाणं राहिलं ते राहिलंच.

आपल्याकडे याहून चांगली उदाहरणं आहेत. आगरकरांनी ईश्वर, परलोक आणि रूढी यांवर लिहिताना कोणाची भीड ठेवली नाही. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. घरात मात्र पत्नी यशोदाबाईंच्या देवधर्माला त्यांनी आडकाठी केली नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक, पण अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका देव आणि धर्माबाबत तटस्थ ठेवली. विरोध शोषणाला आणि फसवणुकीला. त्यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. नुसतं बोलणाऱ्याला, पटवणाऱ्याला गोळ्या घालतात अशा राज्यात आपण राहतो, हे लक्षात ठेवून ‘प्रचार’ या शब्दाला शिवी द्यावी.

इतिहासात जबरदस्ती झालीच ना? मग विश्वास कसा ठेवायचा?

झाली. ते लपवणाऱ्या ख्रिस्ती माणसाशी मी वाद घालते. आणि ठाणं या बाबतीत विलक्षण गाव आहे. १३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन (कॅथलिक) साधू इथे थांबले, काझीपुढे धर्मावरून वाद झाला आणि त्यांना मारण्यात आलं. पुढे पोर्तुगीज आले आणि पारडं फिरलं. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं, ते १८१२ पर्यंत टिकलं. मराठ्यांनी १७३७ साली ठाणं घेतलं. आज तलावपाळीला एका फेरीत कौपिनेश्वराचं देऊळ आणि चर्च दोन्ही लागतं.

नास्तिकांचे हातही स्वच्छ नाहीत. अल्बानियाने १९६७ साली धर्मावरच बंदी घातली, चर्च आणि मशिदी बंद केल्या, धर्मगुरूंना तुरुंगात टाकलं. सत्ता हातात असली की ‘नको’ ऐकू येईनासं होतं, मग ती क्रूसाची असो वा लाल झेंड्याची.

पैसा, शाळा, नोकरी दाखवून धर्म बदलवतात, हे खरं का?

जिथे तसं घडतं तिथे ते चूक आहे, आणि ख्रिस्ती तत्त्वांप्रमाणेही चूक आहे. पण ‘गरीब आहे म्हणजे विकला गेला’ असं सरसकट म्हणणं मला सहन होत नाही. माझ्या पणजोबांच्या पिढीत गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हतं. मिशनच्या शाळेत बाकावर बसता आलं. त्याला तुम्ही आमिष म्हणाल. पणजोबांनी त्याला काय म्हटलं असतं? डॉ. आंबेडकरांनी १९३५ साली येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. मधली एकवीस वर्षं विचारात गेली. माणूस म्हणून मान मिळावा यासाठी धर्म बदलणं हे कारण खोटं आहे, असं त्यांना कोण सांगणार?

व्यवहार पाहिला तर उलटंच दिसतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीचा दर्जा जातो. म्हणजे तो आरक्षण मिळवत नाही, घालवतो.

घरातल्या एकाने धर्म बदलला तर बाकीच्यांनी काय करायचं?

रेव्हरंड टिळकांची गोष्ट वाचावी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, पुढे नवऱ्याजवळ आल्या पण आपला धर्म धरूनच, आणि मग स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी वाट पाहिली. ज्या १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, त्याच वर्षी जूनमध्ये आगरकर गेले. एक श्रद्धेकडे गेलेला, दुसरा तिच्यापासून दूर, आणि दोघांच्याही घरात बायकोला तिच्या मताने राहता आलं.

धर्म सोडणाऱ्या मुलाला घराबाहेर काढू नका, एवढंच मी कळकळीने सांगते. रविवारी चर्चला येत नाही म्हणून ताट बंद करणारी ख्रिस्ती घरंही मी पाहिली आहेत.

कायदा काय म्हणतो?

घटनेचं कलम २५ प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा, त्याचा प्रसार करण्याचा हक्कही देतं. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसार म्हणजे तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. सांगण्याचा आणि स्वतः बदलण्याचा मार्ग मोकळा, ‘बदलवण्या’चा हक्क नाही, असा त्याचा साधा अर्थ. नास्तिकाचं स्वातंत्र्यही याच कलमात बसतं. धर्मांतरावरचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलत असतात, म्हणून प्रत्यक्ष पाऊल उचलण्याआधी वकिलाशी बोला.

‘कोणताच धर्म नाही’ असं लिहिता येतं का?

येतं. यामागची हकिकत मला फार आवडते. मुंबई उच्च न्यायालयात गेलेले अर्जदार नास्तिक नव्हते, फुल गॉस्पेल चर्च ऑफ गॉडचे सदस्य होते. आम्ही येशूला मानतो, धर्म म्हणून मात्र कोणताच मानत नाही, राजपत्रात तसं छापा, असं त्यांचं म्हणणं. सरकारी मुद्रणालयाने नकार दिला. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ‘मी कोणत्याच धर्माचा नाही’ म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि सरकार कोणाला धर्म सांगायला भाग पाडू शकत नाही. येशूवर श्रद्धा असणाऱ्यांनी लढून मिळवलेला हा निकाल आज माझ्यासारखीच्या उपयोगाचा आहे.

लग्नासाठी धर्म बदलावा का?

मन बदललं नसेल तर नको. विशेष विवाह कायदा, १९५४ आहेच. दोघांनी आपापला धर्म किंवा नास्तिकपण ठेवून लग्न करावं.

दारात कोणी धर्म सांगायला आलं तर काय म्हणू?

ऐकायचं असेल तर बसवा, पाणी द्या, प्रश्न विचारा. नसेल ऐकायचं तर “नको, धन्यवाद” पुरेसं आहे, कारण द्यायची गरज नाही. व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. त्या बाईला तिच्या घरी जायचं असतं, आणि जमाव जमायला फार वेळ लागत नाही. पुन्हापुन्हा आले, धमकावलं, पैसे दाखवले किंवा लहान मुलांना आई-बाबांना न विचारता नेलं, तर मात्र तक्रार करा.

मी विश्वासणारी आहे. नास्तिक मैत्रिणीला सांगावंसं वाटतं. कसं सांगू?

आधी विचार, “सांगू का?” एकदा सांग, मनापासून सांग, तिचंही ऐक. ती नाही म्हणाली तर पुढच्या आठवड्यात तिच्याकडे हळदीकुंकवाला, वाढदिवसाला, काहीही हेतू न ठेवता जा. माझ्या एका मैत्रिणीचा फोन माझ्या ‘नाही’नंतर बंद झाला. मैत्री कशासाठी होती ते तेव्हा कळलं आणि ते दुःख अजून आहे. नास्तिकांनाही माझं हेच सांगणं आहे.

तुमचं आणि बहिणीचं जमतं का?

जमतं. नाताळला आम्ही ऐरोलीला तिच्याकडे असतो. जेवणाआधी ती प्रार्थना करते, मी हात मांडीवर ठेवून थांबते. गेल्या वर्षी डोळे मिटण्याआधी तिने विचारलं, “ताई, प्रार्थनेत तुझं नाव घेऊ?”

“घे.”

“आमेन म्हणशील?”

“नाही.”

“बरं,” म्हणाली. प्रार्थना झाली, आणि डोळे उघडून तिने पहिलं ताट माझ्यापुढे सरकवलं.